कॅप्टन हार्बरला उशीर होतो

न्यूयॉर्क, नोव्हेंबर १९८७

प्रिय थिओ,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे आधी बाजूला ठेवशील आणि मग कॉफी घेताना उघडशील, ठाऊक आहे मला. घाबरू नकोस, मी बरी आहे. काम मिळालंय, आणि तेही कसलं! कॅप्टन हार्बर. पंचेचाळीस वर्षं बंदरात बुडणाऱ्यांना वाचवणारा, सदा हसणारा आपला कॉमिक्समधला कॅप्टन. आता अंक खपेनात, म्हणून त्याला नव्याने लिहायचंय, आजच्या वाचकांना रुचेल असा काळाकुट्ट. संपादक गॉर्डन म्हणाला, "आयरीन, पोरांना आता गोडगोड नको. पहिल्याच अंकात त्याच्या हातून खून पाड, बघ कसे तुटून पडतात!" मी लिहून पाहिलं. खून पडला, रक्तही सांडलं, पण कॅप्टन कुठेच नव्हता. त्याच्या कपड्यांत कुणी भलताच गुंड फिरत होता.

म्हणून ब्रुकलिनला मॉरिस क्लाव्हरकडे गेले. कॅप्टनला पहिल्यांदा कागदावर आणणारा तो. हात थरथरतात आता, जीभ मात्र शाबूत. माझ्यापुढे राय धान्याचा काळा पाव आणि खारवलेले हेरिंग मासे ठेवत म्हणाला, "आलीस माझ्या पोराला मारायला?" मी म्हटलं, मारायला नाही, बिघडवायला. खो खो हसला. "माझा भाऊ युद्धात जहाजाबरोबर बुडाला," म्हणाला, "त्याच वर्षी मी कॅप्टन काढला. म्हणून त्याला कधी उशीर झाला नाही. मीच होऊ दिला नाही. पोरी, तुला त्याला अंधारात न्यायचंय ना? मग एकदा उशीर होऊ दे. मला नाही जमलं ते."

घरी आले आणि सरळ लिहायला बसले. कॅप्टन पोचतो तेव्हा धक्क्यावर एक मुलगा ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो. शेजारी त्याचा बाप. कॅप्टन कुणाचा सूड घेत नाही, उडून जात नाही. मुखवटा काढतो आणि ओल्या फळ्यांवर बापाशेजारी बसून राहतो. गॉर्डन ते वाचून बराच वेळ चष्मा पुसत होता. मग म्हणाला, "हे खुनापेक्षा भयंकर आहे. छापू या."

आता ज्यासाठी लिहितेय ते. त्या पानावर बाप एकदाच बोलतो, आणि ते शब्द मी रचलेले नाहीत. आपल्या पोराला, डॅनीला, पुरून आलो त्या दुपारी तू त्याच्या खोलीत गेलास. भिंतीवरच्या कॅप्टनच्या चित्रासमोर उभा राहून म्हणालास, "सगळ्यांसाठी येतोस ना? मग तळ्यावरचा बर्फ फुटला तेव्हा कुठे होतास?" मी जिन्यात होते. इतकी वर्षं ते कुणाला सांगितलं नाही, तुलासुद्धा. आता बर्फाच्या जागी बंदर आहे, एवढंच. ते ऐकूनच कॅप्टन मुखवटा काढतो. सोमवारी पान छपाईला जाईल. तू नको म्हणालास तर काढून टाकीन, कारण विचारणार नाही. हो म्हणालास, तर काळजी नको, चित्रकाराला बाप पाठमोरा काढायला सांगितलंय. तुला कुणी ओळखणार नाही.

अजूनही तुझीच,
आयरीन