बसून वाजवणं सोडलं

१२ मार्च

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

चार महिने पत्र नाही, माफ करा. काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता ठरलं आहे.

वीस वर्षं मी खुर्चीत बसून सॅक्सोफोनवर मुद्दाम चाली मोडून नवं जॅझ वाजवत आले. तुम्ही विचारायचात, "पोरी, हे वाजवणं आहे की भांडी पडताहेत?" आता शेजारच्या म्हाताऱ्या न्हाव्याच्या बँडमध्ये जॅझची अगदी सुरुवातीची गाणी शिकते आहे. ती रस्त्याने चालत वाजवायची असतात. पहिल्या दिवशी दुसऱ्या कोपऱ्यावरच माझा दम संपला. न्हावी म्हणाला, "बाई, तुम्हाला सगळं येतं. फक्त एक ओळ सरळ वाजवता येत नाही." झोंबलं, कारण खरं होतं.

ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं वाजवलं, त्या आमच्या चौघांच्या बँडला हे पटलेलं नाही. ड्रमवाला म्हणाला, "म्हातारी झालीस. शनिवारी सभागृहात आमच्याबरोबर वाजव, नाहीतर परत येऊच नकोस."

त्याच शनिवारी संध्याकाळी न्हाव्याचा बँड रस्त्यावर निघतो. मी बँडबरोबर जाणार.

आपल्या जुन्या वादात तुम्ही जिंकलात असं मात्र समजू नका. इतकी वर्षं चाली मोडल्या नसत्या, तर सरळ ओळ किती अवघड असते हे मला कळलंच नसतं. मी घाबरून मागे फिरले का, असं रोज स्वतःला विचारते. अजून तरी उत्तर 'नाही' असंच येतं.

तब्येत उत्तम. थोडा खोकला आहे, जाईल. तुमची क्लॅरिनेट अजून पेटीतच आहे का? बाहेर काढा.

तुमची हट्टी धाकटी

ता. क. उद्याचं काम: बुटांना नवे सोल लावून घेणे.