गुंडीच्या गळ्यातला पत्ता

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचले. दोघीही पोचलो. तू पहिल्यांदा हेच विचारशील, म्हणून आधी तेच लिहिते.

निघाले त्या दिवशी सोन्या सकाळी कामावर गेला. त्याच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी ओट्यापाशी एकच कप विसळत उभी होते. मग मात्र हातपाय भराभर हलले. दोन पिशव्या, एक वळकटी, आणि झाकणाच्या टोपलीत गुंडी. तुला ठाऊकच आहे, आमची ही मांजर म्हणजे घरातली मुकी मुलगी. पण टॅक्सीत बसल्याबरोबर तिने असा काही गळा काढला, की ड्रायव्हर सारखा मागे वळून बघायला लागला. शेवटी न राहवून त्याने विचारलंच, की आजी, आत नक्की मांजरच आहे ना. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. पोटच्या पोराच्या भीतीने साठीनंतर आपलंच घर असं चोरासारखं सोडावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लोहमार्गाच्या पलीकडे. एक खाट, एक शेगडी, आणि खिडकीतून दिसणारं बेकरीचं धुरांडं. घरमालकीण खालीच राहतात. त्या निवृत्त नर्स. माणसाची नाडी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझीही बघितली आणि म्हणाल्या, ही कुठे पळून चालली आहे? त्यांच्याच ओळखीने इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम मिळालं. काम माझ्या हातातलंच: प्रत्येक चादरीला, अंगरख्याला वॉर्डाच्या खुणेची पट्टी शिवायची. म्हणजे कपडा कुठेही गेला तरी आपल्या जागी परत येतो. सुई धरली की मनगट ठणकतं, पण धरता येते हे काय कमी आहे?

गुंडी खाटेखालून बाहेर यायला तयार नाही. काल तिच्यासाठी पट्टा शिवला. हाताची खोड कुठे जाणार, त्यावरही पांढरी पट्टी लावली आणि निळ्या दोऱ्याने इथला पत्ता भरला. इतका सुबक झालाय, तू बघायलाच हवास.

मी तुझ्याकडे गेलेय असं सोन्याला चिठ्ठीत लिहून आले आहे. मोबाईल मुद्दामच तिथे ठेवला, नाहीतर त्याने हाक मारली की मी ओ दिली असती. तुझ्या फोनवर आता त्याचेच फोन येणार, म्हणून आपलं हे पत्रांचं बरं. तुला खोटं बोलायला लावतेय, रागावू नकोस. जिन्यात पावलं वाजली की मी श्वास धरून उभी राहते. ती दुसऱ्या मजल्यावर थांबली की मग पाणी पिते.

तुझी माया आहे तोवर मी उभी आहे.
तुझी,
बेबी


१० नोव्हेंबर

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि कित्येक दिवसांनी घास गोड लागला. तुझे भावोजी म्हणाले, पत्र दोनदा वाचून झालं असेल तर आमटीत मीठ घाल.

तुझ्या चिरंजीवांचा फोन रोज संध्याकाळी येतो. पहिल्यांदा सांगितलं, आंघोळीला गेली आहे. मग झोपली आहे. मग बाजारात. माझ्याकडे आल्यापासून तू भलतीच स्वच्छ आणि झोपाळू झाली आहेस. त्याचा आवाज अगदी लोण्यासारखा असतो, आणि तोच मला खपत नाही. आरडाओरडा केला असता तर मीही चार शब्द सुनावले असते. काल म्हणाला, मावशी, आई आंघोळीला कधीच इतका वेळ लावत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे पाणी भरपूर आहे. फोन ठेवून दिला. लहानपणी याला मी मांडीवर घेऊन जोजवलंय, बेबी. त्याची भीती वाटायला लागली आहे मला, इतक्या लांबून.

पट्ट्यावर पत्ता शिवलास हे शहाणपणाचं केलंस. नव्या जागेत महाराणी वाट चुकल्या तर कुणीतरी आणून देईल. पण खिडकी लावून घेत जा. तुमच्या या राणीसाहेबांना मी पुरती ओळखून आहे. मागे मी आले होते तेव्हा त्यांनी माझ्याच उशीवर झोपून मला तीन दिवस शिंका दिल्या होत्या.

मनगट दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. आणि या वेळी न्हाणीघरात घसरल्याची कथा सांगू नकोस. तुला ढकललं, हात पिरगळला, असं सांगायचं. तोंडातून शब्द फुटत नसतील तर नर्सबाईंना सांगायला लाव.

जिवाला जप. माझा जीव तुझ्यात अडकलाय.
तुझी,
ताई


१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुंडी गेली.

परवा मी कामावर होते. नर्सबाई नळवाल्याला घेऊन वर आल्या, दार उघडं राहिलं, आणि ही निसटली. दोन दिवस मी बेकरीचं आवार, शाळेचं कुंपण, उभ्या गाड्यांची पोटं, सगळं धुंडाळलं. हाका मारून घसा बसला. नर्सबाई स्वतःला बोल लावून घेताहेत आणि त्यांची स्वतःचीच नाडी पुन्हापुन्हा बघताहेत.

आज तळमजल्यावरचा चावीवाला भेटला. भला माणूस आहे, दातात किल्ली धरूनच बोलतो. म्हणाला, उगाच इथे शोधता, मांजर माणसाच्या मागे राहत नाही, घराच्या मागे राहतं. ती जुन्या घरी गेली असणार. मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, चला, जीव तरी वाचला असेल, पलीकडे जायला पूल आहेच. जिना चढायला लागले, आणि दुसऱ्या मजल्यावर आठवलं. कठड्याला धरून तिथेच खाली बसले.

ताई, तिच्या गळ्यात पत्ता आहे.

मी स्वतः शिवलाय. मजला, खोली, बेकरीची खूण, सगळं. चुकलेला कपडा परत यावा म्हणून आयुष्यभर खुणा शिवल्या, आणि आता माझीच खूण शिवून त्याच्या दारात पाठवली. तूही वाचलंस, तुझ्याही लक्षात आलं नाही. आपण दोघी किती शहाण्या!

कदाचित ती पोचलीही नसेल. कदाचित रस्त्यात काही झालं असेल. असा विचार मनात येतो आणि त्याने मला बरं वाटतं, ताई. गुंडी मेली असावी असं मला वाटतं. माझी मलाच शिसारी आली.

तू काय म्हणतेस ते लगेच कळव. तुझ्याशिवाय मला कोण आहे?
तुझी,
बेबी


२० नोव्हेंबर

चि. बेबीस,
आशीर्वाद.

पत्र मिळाल्याबरोबर लिहायला बसले आहे. पिशवी भर आणि निघून ये. मांजरीचं नंतर बघू. नोकरी गेली खड्ड्यात.

मला जे सांगायचं धाडस होत नाही ते सांगते. तीन दिवस झाले, त्याचा फोन आलेला नाही. आधी वाटलं, बरं झालं, कंटाळला. तुझं पत्र वाचलं आणि उमगलं. तो आता मला कशाला विचारेल?

भावोजी तुला न्यायला यायचं म्हणताहेत, पण गुडघ्यामुळे त्यांना घरातल्या घरातही चालवत नाही. नर्सबाईंना सगळं सांग. लाज बाळगू नकोस. लाज वाटायची ती त्याला वाटू दे.

तू दारात दिसेपर्यंत मी जागची हलणार नाही.
तुझी,
ताई


२१ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करतो.

गुंडी आली. चार दिवसांपूर्वी दुपारी घरी आलो तर ओट्यावर बसली होती, जणू कधी गेलीच नव्हती. पाय चिखलाने भरले होते, ते मी पुसले. पट्टा नवा दिसला. तुझा टाका मी लगेच ओळखला. शाळेच्या गणवेशावर माझं नाव तू असंच निळ्या दोऱ्याने भरायचीस.

मावशीकडे तू आंघोळ करत होतीस तेव्हा खरं तर पुलाच्या पलीकडेच होतीस, हे समजलं. मोठी माणसंही खोटं बोलतात. पण मी रागावलेलो नाही. रागावलेलो नाही हे दुसऱ्यांदा लिहितो, म्हणजे तुझी खात्री पटेल.

हात कसा आहे? त्या दिवशी तू घसरलीस तेव्हापासून मला वाईट वाटतंय. तू जरा सांभाळून राहायला हवं होतंस. घर अगदी ओकंबोकं झालंय. मी भात करायला शिकलो, पण खाली लागतो.

गुंडीला मी आतल्या खोलीत बंद करून ठेवलं आहे, म्हणजे पुन्हा पळायची नाही. रविवारी तिला घेऊन येतो. कुठे जाऊ नकोस. गेलीस तरी मी शोधेन.

तुझी माया कमी झाली नसेल, असं धरून चालतो.
तुझा,
सोन्या


२६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी आले नाही म्हणून तू चिडली असशील. चीड, पण पूर्ण वाच.

तुझं पत्र आणि त्याचं पत्र एकाच दिवशी हाती आलं. त्याच्या पाकिटावर माझा पत्ता त्याच्या अक्षरात बघितला आणि मी ते पाकीट ताटाखाली झाकून ठेवलं, एखादा विंचू झाकावा तसं. पिशवी भरली होती, खरंच. मग वाटलं, तुझ्याकडे आले तर तो तुझ्या दारात उभा राहील, आणि भावोजींचा गुडघा तसा. नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी प्रथमच नाडी बघितली नाही. नुसता हात धरून बसल्या.

रविवारी त्या सकाळपासून माझ्या खोलीत होत्या. चावीवाला खालच्या वळणावर कुलूप उघडून बसला होता, काम करत असल्यासारखा. सोन्या आला. अगदी हळू दार वाजवलं. आई, मी आलोय म्हणाला. टोपलीत गुंडी ओरडत होती.

काय काय बोलला, ताई! रडला. तुझ्याशिवाय मला कोण आहे म्हणाला. मी तुला लिहिलेलं वाक्य, शब्दन् शब्द तेच. बारीक झालोय म्हणाला. मी उठले. नर्सबाई मानेने नको नको करत होत्या, पण माझा हात कडीवर गेला होता. तुला खोटं सांगत नाही, अर्धी कडी मी सरकवली होती.

तेवढ्यात गुंडी गप्प झाली. एकदम. तो अजून गोडच बोलत होता, आवाज जराही चढला नव्हता. पण त्या घरातही असंच व्हायचं. तो भडकायच्या आधी मला कधी कळायचं नाही, तिला कळायचं. ती गप्प होऊन खाटेखाली जायची, आणि मग माझी पाळी. या वेळी तिला जायला खाट नव्हती. मी कडी परत लावली. तो आवाज त्याने ऐकला.

मग लाथा सुरू झाल्या. वरची बिजागरी निखळली. काय बोलला ते लिहीत नाही, तू त्याला जोजवलंस. नर्सबाई आणि मी दाराला पाठ लावून बसलो, प्रत्येक लाथ मणक्यात जाणवत होती. मला तर मोरीला जायची घाई झाली, इतकी भीती वाटली. चावीवाला वर आला, मागून दुसऱ्या मजल्यावरची माणसं आली, तेव्हा तो थांबला. खाली जाताना टोपली घेऊन गेला.

मी खिडकीतून बघितलं. त्याने टोपली पायरीवर ठेवली. झाकण नीट लागलंय की नाही ते वाकून तपासलं. बोट आत घालून तिला खाजवलं. आणि तिला तिथेच ठेवून गेला. लाथांनी मी रडले नव्हते, ताई. तेव्हा रडले.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंबरोबर पोलीस ठाण्यात गेले. हाताचं खरं सांगितलं. हवालदार बाईंनी विचारलं, की त्या माणसाचं तुमच्याशी नातं काय. ते सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दाराला चावीवाल्याने नवी बिजागरी ठोकून दिली आहे. जिन्यातल्या पावलांची भीती गेलेली नाही, वाढली आहे. पण आता पावलं वाजली की खालची दोन दारंही उघडतात.

सोबत त्याला लिहिलेलं पत्र जोडते. वाच आणि तूच पोस्टात टाक. माझ्या हातून पेटीत पडेल की नाही, शंका आहे.

तुझा हात माझ्या डोक्यावर असाच राहू दे.
तुझी,
बेबी


२६ नोव्हेंबर

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

गुंडी सुखरूप आहे. खाते-पिते आहे. भाताला पाणी थोडं जास्त घाल आणि शेवटी आच मंद कर, म्हणजे खाली लागणार नाही.

मी घसरले नव्हते. हे मी पोलिसांना सांगितलं, तसंच तुलाही सांगते, कारण ते आपण दोघांनीही एकमेकांना कधी सांगितलं नाही. तू मनाचा वाईट नाहीस, असं मी जगाला पटवत आले. तुझा बाप होता तोवर त्यालाही पटवलं. तू कसा आहेस ते मला आता ठरवता येत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की मला तुझी भीती वाटते. कामावर वाटते, खिडकीशी वाटते, तू प्रेमाने आई म्हणतोस तेव्हा सगळ्यात जास्त वाटते. माझ्या लेकराबद्दल हे वाक्य लिहिताना मी दोन कागद फाडले.

शोधायचं आता काही उरलेलं नाही, मी कुठे आहे ते तुला माहीत आहे. मी इथेच राहणार आहे. तू येऊ नकोस. आलास तर दार उघडणार नाही, रडलास तरी नाही, आणि मी आत रडत असले तरी नाही.

लोभ आहे, तो माझ्या मरणापर्यंत राहील. कडीही आतून लावलेली राहील.
तुझी,
आई