बोटीच्या पोटाचं माप

सावित्रीकाठ, ता. पोलादपूर
६ ऑक्टोबर २०२५

चि. दीपक यास ताईचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नायस म्हणून कागद घेतला. उचलला असतास तरी मीच आधी ओरडले असते, म्हणून हेच बरं. चौथीपर्यंतची शाळा माझी, अक्षराला हसू नको. सोनाली पोरीचा खोकला गेला का? इकडे भात पिवळं पडलंय, आठ दिवसांत कापणीला येईल. तुझे दाजी बरे हायत.

आता बोटीचं.

बोट ओढायला तू केलेल्या ट्रॉलीच्या दोन्ही फळ्या मी परवा उखडल्या. लगेच तापू नको, पुढं वाच. वर्षभर बोट फळ्यांवर बसतच नव्हती. पोट दोन फळ्यांच्या मधी खाली जायचं आणि आडव्या लोखंडी दांड्यावर टेकायचं. नदीवरून घरापर्यंत चढ तो केवढा, वाटेत धोंडे. प्रत्येक धोंड्याला बोटीचं अ‍ॅल्युमिनियम कुरकुरायचं आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघायचं. आता तळाच्या दोन रिव्हेटांतून पाणी येतं. मी डांबर भरलंय.

पुरात लाकडाची होडी गेली नसती तर ही पत्र्याची घेतली नसती, आणि रोज वर ओढून आणायचीही पाळी आली नसती. पण गेली ती गेली.

तर फळ्या काढल्या. त्यांना गुंडाळलेला गालिचा कुजून काळा झालेला. तो ओरबाडला तर उजव्या फळीच्या पोटाशी सुतळी बांधलेली. गाठीला लाल चिंधी. माझ्या पोलक्याची. तुला माप पाठवायला मी एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली होती, तीच.

मी ती बोटीच्या पोटाला लावून पाहिली. गाठ दोन वीत बाहेर. मग वरच्या काठाला लावली, या काठापासून त्या काठापर्यंत. गाठ बरोबर काठावर.

दीपक, बोट वरून रुंद आणि खाली निमुळती असते, हे मला कळत नाय काय? पण तेव्हा ती सरळ पडलेली होती. उलटी करायचा कंटाळा केला. वरूनच सुतळी ताणली, गाठ मारली, दिली पाठवून. मी दिलेल्या मापानंच तू फळ्या ठोकल्यास.

आणि गेल्या वर्षी तू ट्रॉली आणलीस तेव्हा मी काय केलं? धक्क्यावर सगळी जमली असताना बोंबलले, "मुंबईत राहून दोन फळ्या धड लावता येत नायत? माप घेताना डोळे कुठं होते?" शेजारची मैना तर पदर तोंडाला लावून हसली. तू तेव्हा वाकून ट्रॉलीखाली गेलास. मला वाटलं नट शोधतोयस. बाहेर आलास, पाना धोंड्यावर ठेवलास, आणि चहाही न घेता पोलादपूरची वाट धरलीस.

सुतळी तुझ्या खिशात होती ना रे? ती चारचौघांत वर धरली असतीस तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. ती तू खाली जाऊन बांधून टाकलीस. इतका मोठा कधी झालास तू? लहानपणी तर माझ्या नावानं आईकडे रोज चुगली करायचास.

काल धक्क्यावर गेले. सगळी होती. म्हटलं, "दीपकचं काम बरोबर होतं. माप मी चुकीचं दिलेलं."

मैना म्हणते, "म्हंजे चंद्रे, तू चुकलीस? परत बोल गो, ऐकू नाय आलं."

"चुकले. कानात बोळे असतील तर काढ. दुसऱ्यांदा सांगणार नाय."

झालं ते.

फळ्या मी एकेक वीत आत सरकवल्यात, पोटाच्या उताराला धरून तिरप्या. वर महाडच्या बाजारातली काथ्याची पायपुसणी लावलीत. खिळे बाजूनं मारले, वरून मारले असते तर डोकी पत्र्यात घुसली असती. आता बोट कशी बसते म्हणशील, बाळ पाळण्यात ठेवावं तशी. पण लोखंडाला नवी भोकं पाडायला माझ्याकडे मशीन नाय. फळ्या नायलॉनच्या दोरीनं जखडल्यात. दोरी किती दिवस धरेल, ते तुला जास्त कळतं.

पाकिटात नवी सुतळी हाय. या खेपेला बोट उलटी करून माप घेतलं. एक टोक मी धरलं, एक दाजींनी. डाव्या हातानं.

वर लिहिलं ते खोटं. दाजी बरे नायत. श्रावणात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात उचलत नाय. बोलतात, जेवतात, माझ्यावर चिडतातही. पण वल्हं मारवत नाय. तेव्हापासून नदीवर मीच जाते, एकटी. ट्रॉलीही मीच ओढते. तुला कळवायचं नाय, असं मीच ठरवलं होतं. मी हाकललेल्या भावाला कुठल्या तोंडानं सांगू, ये म्हणून?

तुझा पाना खुंटीला हाय. गंजू दिला नाय. परवा वापरला, ते मात्र विचारलं नाय.

भाऊबीज तेवीस तारखेला हाय. गेल्या वर्षी तू आला नायस, ओवाळायचं ताट मी तसंच घरातल्या फळीवर ठेवलं होतं. भोकं पाडायची मशीन घेऊन ये.

नाय आणलीस तरी ये.

तुझीच,
चंद्राताई