‘भैताड’ या शब्दाचा खुलासा आणि पिपरीच्या घराची व्यवस्था

मी, आनंदाबाई रामाजी ताकसांडे, वय ७३, राहणार पिपरी मेघे, जि. वर्धा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्याची गरज का पडली, ते आधी सांगते.

१) माझा पुतण्या मुकेश मला ‘भैताड’ म्हणतो. म्हणजे अक्कल नसलेली, डोके फिरलेली. माझे यजमान कालकथित रामाजी हेही म्हणत. एकदा पवनारला दुसऱ्याच्या लेकराची चप्पल वाहून चालली, म्हणून पोहता येत नसताना मी नदीत उतरले. त्यांनी मला ओढून काढले, “भैताड हायेस का तू?” म्हणाले आणि काठावर बसून रडले. त्या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही.

२) मुकेशच्या शब्दाबद्दल आहे. गेल्या वर्षी तो निराधार योजनेचा अर्ज म्हणून एक कागद घेऊन आला. मी चष्मा मागितला. तो म्हणाला, “काकू, तुले काय समजते? सही कर.” माझी भाची जागृती तिथेच होती. तिने कागद मोठ्याने वाचला. ते या घराचे बक्षीसपत्र होते. “म्हातारी भैताड झाली,” म्हणत मुकेश निघून गेला. तेव्हापासून नळावर, किराणा दुकानात तो हेच सांगतो. माझे दूध उतू गेले तरी गल्लीभर बातमी होते. माझा संशय असा, की माझ्यामागे हे मृत्युपत्र खोटे ठरवायला तो आतापासून साक्षीदार तयार करून राहिला आहे.

३) वसतिगृहात तीस वर्षे पोळ्या लाटून मी हे घर बांधले. ते आणि शिलाई मशीन जागृतीला द्यावे.

४) मुकेशला काही नाही. त्याची मुलगी मयुरी हिला माझे कानातले द्यावेत. “आजी, भैताड म्हणजे काय वं?” असे मला तोंडावर विचारणारी ती एकटीच.

५) काल मुकेश दारात आला. “काकू, वकील काऊन आलता?” मी म्हटले, “चहा प्याले आलता.” तो आत आला, पाणी प्यायला आणि ग्लास स्वतः धुऊन ठेवला. आजवर त्याने असे कधी केले नव्हते. म्हणून या मृत्युपत्राची मूळ प्रत घरात राहणार नाही.

लिहून देणार: आनंदाबाई रामाजी ताकसांडे (सही, अंगठा नव्हे)
साक्षीदार: १. गोपाल तानबा मून २. मोनाली अश्वजित थूल
वर्धा, दि. १४ फेब्रुवारी २०२५