काजळाचा ठिपका

आंबवडी, ता. जावळी
१८ जानेवारी

ती. आपास,
हुसेनचा सलाम. वि. वि.

फोन का करत न्हाईस म्हणून रागावलीस. आगं, हितं रेंज दरडीवर चढल्यावर येती, आन् तितवर चढलं की बोलायचं काय ते इसरतं. त्यापरीस पत्र बरं.

सध्या धरणाला पाणी बी भरपूर हाय आन् माणसं बी. पाचगणी-म्हाबळेश्वर बघून झालं की लोक हिकडं येत्यात. हातात स्ट्रॉबेरीचं खोकं, बोटीत बसायच्या आधी फोटो, बसल्यावर फोटो, आन् उतरताना बुटात पाणी गेलं की माज्याशी भांडण! च्याची टपरी घरची मंडळी बघती, बोट मी बघतो.

एक काम हाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सुट्टीतली पोरं पवायला शिकायला येत्यात. गेल्या साली ट्यूबा फुटल्या, पत्र्याचे डबे तर लागत्यात. अब्बांनी मला पाठीला भोपळा बांधून शिकवलं, तसं शिकवावं म्हणतो. (तुला बी शिकवणार होते, पर तू घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं न्हाईस.) दुल्हाभाईंच्या कारखान्यात तंबोऱ्याचे टाकाऊ भोपळे पडले असतील, ते धाड. त्यांचा हात कसा हाय? अर्फाच्या तंबोऱ्याला हात घातला का?

लोभ हाय तसाच ठिव. धरणावानी उन्हाळ्यात आटू दिऊ नगंस.

तुजा,
हुसेन


मिरज
९ मार्च

चि. हुसेन यास,
अनेक दुवा. वि. वि.

भोपळे एसटीच्या पार्सलने पाठवले आहेत. ह्यांची पद्धत तुला माहीत आहे, वाकडा किंवा चिरलेला भोपळा निघाला की त्यावर कोळशाची खूण करून माळ्यावर टाकतात. खूण असलेले सगळे कारखानाभर शोधून पोत्यात भरले. ह्यांना विचारलंसुद्धा नाही, कारण ते हल्ली कारखान्यात फिरकतच नाहीत.

हाताचं काय सांगू? थरथर वाढली नाही, कमीही नाही. डॉक्टर म्हणतात काम करा, काही होत नाही. पण हे म्हणतात, लोक बघतील. अर्फा आता गाण्याच्या परीक्षेला बसणार. नातीला स्वतःच्या हातचा तंबोरा द्यायचा म्हणून ह्यांनी पंढरपूरकडून निवडून आणलेला भोपळा किती वर्षं जपलाय. पोरीने विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, अजून वाळू दे. अरे, भोपळा कधीच वाळला, आता आम्ही दोघं वाळत चाललोय! हा तंबोरा झाला नाही तर हे पुन्हा हत्यार धरणार नाहीत, एवढं मला कळतं. त्याचीच भीती वाटते.

तब्येतीला जप. बोट चालवताना तोंड कमी चालव.

तुझी आपा,
नूरजहां


आंबवडी
२२ एप्रिल

ती. आपास,
सलाम. वि. वि.

भोपळे पावले, लय झ्याक! पाणी आता पार खाली गेलंय. जिथं डिसेंबरात बोट लावायचो तिथं पोरांनी स्टंप रोवलेत. चेंडू पाण्यात गेला की सिक्सर, आन् आणायचा बी मारणाऱ्यानंच, असा कायदा हाय. संध्याकाळी शेजारच्या गावची टीम येती, मग च्याला उसंत न्हाई.

पवणाऱ्यांत एक नवा गडी दाखल झालाय. सुभेदार लालासाहेब. मिलटरीतनं रिटायर, ऊसवाला माणूस, मिशी ही एवढी. नातवंडांना सोडायला आले आन् सोताच उतरले. सगळी नोकरी राजस्थानच्या वाळूत गेली, पवायचं राहूनच गेलं म्हणत्यात. देह असा हाय की दोन भोपळे बांधले तरी खालीच. मग तू धाडलेला तो सगळ्यात थोरला बांधला, काळ्या ठिपक्यावाला. काय भोपळा हाय गं! सुभेदार बदकावानी तरंगाय लागले. आता त्येला दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाईत.

तू बी ये. गुडघ्याला पाणी चांगलं. घोट्यापासनं सुरुवात करू.

माया कमी करू नगंस, भोपळे संपले तरी.

हुसेन


मिरज
४ मे

हुसेन,

दुवा-बिवा नंतर. घात झाला रे! तुझं पत्र वाचून खुंटीकडे बघितलं, तर अर्फाचा भोपळा जागेवर नाही. तो ठिपका कोळशाचा नव्हता, काजळाचा होता. अर्फाच्या भोपळ्याला नजर लागू नये म्हणून ह्यांनी स्वतः लावलेला. माझ्या डोळ्याला काजळ काय नि कोळसा काय, सगळं सारखंच काळं. आता चष्मा करायला टाकलाय, पण बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत.

ह्यांना अजून कळलेलं नाही. कारखान्याचं दार वाजलं तरी माझी पाचावर धारण बसते. फोनवर बोलायची सोय नाही, हे शेजारीच बसलेले असतात. त्या सुभेदारांच्या पाया पड, काही कर, पण भोपळा परत पाठव. चिरला तर नाही ना? चिरला असेल तर मला सांगू नकोस. नाही, सांग.

आपा


आंबवडी
१५ मे

ती. आपास,
सलाम. वि. वि.

आधी जीव भांड्यात पाड. भोपळा धड हाय, ओरखडा सुदिक न्हाई.

आता दुसरं. सुभेदारांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मिशीवरनं हात फिरवला, आन् म्हणाले की नातवंडं सुट्टी संपून जायच्या आत त्यांना पवून दाखवायचंय, तवर भोपळा सोडणार न्हाई. मी म्हणालो, आवं सुभेदारसाहेब, भोपळा आता सोडून बघा की, तुमी कवाचे पवताय. तर म्हणत्यात, उद्या. रोजच उद्या. भोपळा नसला की गुडघाभर पाण्यात बी त्यांचे पाय लटपटत्यात.

आपा, मला तर ह्यो माणूस आन् दुल्हाभाई एकाच गावचे वाटाय लागलेत. रागावू नगंस. पावसाच्या आत भोपळा घिऊन मी सोता येतो.

हुसेन


मिरज
३ जून

चि. हुसेन यास,
दुवा. वि. वि.

तू येऊ नकोस, हे तिकडे निघालेत. काल हे कारखान्यात गेले, खुंटी रिकामी दिसली आणि मी सगळं बोलून टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवले नाहीत. मग म्हणाले, बरंच झालं, अर्फाला आता बाजारातला घेऊन देऊ. हुसेन, ते वाक्य ऐकून मला रडू आलं. अर्फा मात्र आजोबांवर चिडली. बाजारातला नको म्हणाली, भोपळा घेऊन या म्हणाली. तिच्या हट्टापायी सकाळच्या गाडीने गेले आहेत. हे पत्र पोचेल तेव्हा ते तुझ्याकडे असतील. मटण तिखट करू नकोस.

सांभाळून घे.

आपा


आंबवडी
१९ जून

ती. आपास,
सलाम. वि. वि.

दुल्हाभाईंनी घरी काय सांगितलं असंल देव जाणे, म्हणून मीच लिवतो. बोटी वर ओढून उपड्या घातल्यात, आता गणपतीपातुर हाताला काम न्हाई.

दुल्हाभाई आले तवा सुभेदार भोपळ्यासकट पाण्यात होते. भाईंनी काठावरनं बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता भडकत्यात, तर हसाय लागले. म्हणाले, चिरायच्या आधी भोपळा भिजवावाच लागतो, तुमी तर अख्ख्या धरणात भिजवलात! सुभेदार शरमून भाईर आले आन् विचारलं की तंबोरा का अडलाय. भाईंनी हात पुढं धरला. हात थरथरत होता.

सुभेदारांनी त्यो हात बघितला. मग पाठीवरचा भोपळा सोडला, भाईंच्या मांडीवर ठिवला, आन् मागं न बघता पाण्यात शिरले. आपा, माजा जीव उडाला. मी उडीच्या तयारीत. नाकातोंडात पाणी गेलं, मिशी बुडाली, पर गडी माज्या बोटीपातुर गेला आन् परत आला. नातवंडांनी नुसता कालवा केला. वर आल्यावर दम खात भाईंना म्हणाले की पाय सगळा वेळ लटलट कापत होते, पर कापणारे पाय बी पाणी मारत्यात.

भाईंनी भोपळा पुसला, बोटानं वाजवून बघितला, आन् परतीची पहिली गाडी किती वाजता म्हणून विचारलं. च्या सुदिक घेतला न्हाई.

कळव गं. जीव टांगणीला हाय.

हुसेन


मिरज
२६ नोव्हेंबर

चि. हुसेन यास,
अनेक दुवा. वि. वि.

तंबोरा झाला. काल तारा चढवल्या. कोपर उशीवर टेकवून ह्यांनी सगळं काम केलं, अर्फा भोपळा धरून बसायची. लोक बघायला आले आणि ह्यांनी त्यांना बघू दिलं. नक्षीतली एक वेल जरा लहरली आहे. पुसून पुन्हा काढता का म्हणून विचारलं, तर म्हणाले, राहू दे, धरणाचं पाणी आहे ते. अर्फाने पहिला सूर लावला तेव्हा ह्यांचे डोळे भरून आले, आणि माझं तर विचारूच नकोस, नव्या चष्म्यातून काही दिसेना.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे येतोय. तुझी बोट एक संध्याकाळ रिकामी ठेव, अर्फा त्यात बसून गाणार आहे. सुभेदारांना सांग, पुढच्या बाकावर त्यांची जागा.

सोबत पार्सल आहे, एक थोरला भोपळा. ह्यांनी माळ्यावरून नव्हे, खुंटीवरच्या चांगल्या मालातून निवडला, काजळाचा ठिपका स्वतः लावला, आणि म्हणाले, हुसेनला लिही, उन्हाळ्यात पाणी उतरलं की हा तुझ्या आपाच्या पाठीला बांध.

तेव्हा जपून ठेव. मी येते.

तुझी,
आपा