कापडी बूट

प्रिय आई,

काल लिआओ मावशींचा फोन आला होता. तुझ्या गुडघ्यांची, च्याईतल्या थंडीची चौकशी झाली आणि मग म्हणाल्या, "अगं पेई-युन, तुझी आई ते नवे काळे बूट घालून भाजीला येते. टाचा सोलल्यात, रक्त येतं, पण ऐकेल तर शपथ!" मी हसून म्हटलं, नव्याचं कौतुक आहे तिला. फोन ठेवला आणि ड्युटीवर निघायचं सोडून जिन्यात बसून रडले. ते बूट तू का घालतेस ते मला ठाऊक आहे.

चूक माझीच. विमान कंपनीत लागले तेव्हा केवढा रुबाब दाखवला होता मी! तुला घरच्यांना मिळणाऱ्या, जागा उरली तरच चालणाऱ्या सवलतीच्या तिकिटाचे नियम शिकवले: नीटनेटके कपडे, चामडी बूट, जागा किती उरल्या म्हणून विचारायचं नाही, नाव पुकारेपर्यंत चुपचाप बसायचं. दुसऱ्या कंपनीच्या विमानात तर आपण रांगेच्या शेपटाला. आधी पैसे भरलेले प्रवासी, मग त्यांचे कर्मचारी आणि मग आपल्यासारखे पाहुणे. तू म्हणाली होतीस, "म्हणजे सगळे जेवून उठल्यावर उरलं तर आपलं पान!" तरी ओकिनावाला जाताना तू केस सेट करून आलीस आणि जागा मिळाल्यावर शेजारच्या बाईला सांगत सुटलीस, माझी लेक विमानात आहे म्हणून. मी काउंटरवर बॅगा तोलते, हे काही सांगितलं नाहीस.

आणि मग यंदाच्या नववर्षाच्या सुट्टीत व्हँकूवरच्या इस्पितळातून फोन आला, तुझ्या लेकाची, आ-हानची फुप्फुसं साथ देत नाहीत, लवकर या. त्या आठवड्यात सरळ जाणारं एकही तिकीट कुठल्याही किमतीला शिल्लक नव्हतं. आपण सवलतीच्या तिकिटावर माझ्या कंपनीच्या विमानाने टोकियोपर्यंत गेलो. तिथून पुढे दुसऱ्या कंपनीचं, दिवसातून एकच विमान. तू घरातून निघालीस ती अंगणातल्या कापडी बुटांवर, हातात मुळ्याच्या खारवलेल्या फोडींची बरणी. "त्याला तिकडचं काही गिळवत नाही," एवढंच म्हणत होतीस.

पहिल्या दुपारी गेटपाशी सगळे आत गेले आणि आपलं आडनाव पुकारलं. तू अर्धी उठलीससुद्धा. मी काउंटरवर गेले, दोन वाक्यं बोलले आणि परत आले. त्या मुलीने मान वाकवून तुझ्याकडे पाहिलं होतं, ते तू पाहिलंस. दार बंद झाल्यावर तू हळूच विचारलंस, "माझे बूट बघितले ना तिने?" आणि मी म्हणाले, "हं."

दुसऱ्या दिवशी एकही जागा उरली नाही. तू विमानतळावरच्या दुकानातून एक नंबर लहान असलेले काळे बूट घेतलेस, मोठा नंबर नव्हता. तिसऱ्या दिवशी दोन जागा मिळाल्या. आपण पोहोचलो तेव्हा आ-हानचा बिछाना आवरलेला होता. नर्स म्हणाली, काल संध्याकाळपर्यंत शुद्धीत होता. तिचं बोलणं मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते.

आई, त्या मुलीने तुझे बूट पाहिलेच नाहीत. मी आपल्या दोघींची नावं एकत्र नोंदवली होती, दोन जागा असतील तरच द्या म्हणून. त्या दुपारी एक जागा उरली होती. ती विचारत होती, "तुमच्या आई एकट्या जातील का?" म्हणून वाकून तुझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, नाही, आम्ही दोघी बरोबरच जाणार. स्वतःला समजावलं, आईला भाषा येत नाही, पलीकडच्या विमानतळावर ती भांबावेल. सगळं खोटं. तू एकटी बाबांच्या मागे दोन मुलं वाढवलीस, तुला एक विमानतळ जड गेला नसता. मलाच मागे राहायचं नव्हतं. बाबांच्या श्राद्धाला यायला आ-हान माझ्याच सवलतीच्या तिकिटावर दोन दिवस ताटकळला, जागा मिळाली नाही, आणि मी त्याला म्हणाले, "तुला यायचंच नव्हतं." त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. मला त्याची माफी मागायची होती. त्यासाठी मी तुझा लेक तुझ्यापासून तोडला, आणि वर दोष तुझ्या बुटांवर ढकलून मोकळी झाले. तू दीड दिवस त्याच्याजवळ बसली असतीस गं. त्याने मुळ्याची एखादी फोड तरी खाल्ली असती.

हे तोंडाने सांगायला मला धीर होत नाही, म्हणून लिहिते आहे. ते काळे बूट काढ, आई. टाचांना मलम लाव आणि आपले कापडीच घाल. छिंगमिंगच्या सणाला आ-हानची समाधी झाडायला मी येणार आहे, बसने. आले की दाराबाहेर उभी राहीन. तू नावाने हाक मारलीस तरच आत येईन.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
पेई-युन