चढला तेव्हा मी, पडला तेव्हा अमेरिका

झाशी,
बलिप्रतिपदा (यंदाचा बळी बहुधा मीच)

तीर्थस्वरूप भाऊसाहेबांच्या चरणी दत्तात्रेयाचा साष्टांग दंडवत (कंबरेच्या व्याधीमुळे तूर्त केवळ लेखी). नागपुरात आपला गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि उभयतांमधील शांतता सुस्थितीत असावी. इकडे आपली भगिनी, म्हणजे आमची सौ. अनुसया, ठणठणीत आहे (यात आनंद किती नि चिंता किती, ते पुढे कळेल).

झाशीच्या मराठी मंडळाचे अध्यक्षपद मी सहा वर्षे भूषवीत आहे, हे आपण जाणताच. (मंडळ म्हणजे छावणीतली फौजी कुटुंबे, गावातले आम्ही जुन्या कारकुनांचे वंशज आणि गणपतीच्या आराशीचे एक कपाट.) भाद्रपदात शेअर बाजार गगनास भिडला होता. निम्मे सभासद दरमहा म्युच्युअल फंडात पैसे घालतात, तेही माझ्याच प्रेरणेने. सबब विसर्जनाच्या भाषणात मी सिद्धान्त मांडला, की अमेरिकेतला मतदार धोरण पाहत नाही, स्वतःची पुंजी पाहतो. बाजार चढता असेल तर विद्यमान अध्यक्ष तरतो. आणि (मोह अनावर झाला) झाशीनेही हाच न्याय लावावा, कारण ही सुबत्ता प्रस्तुत अध्यक्षांच्याच कारकिर्दीतली आहे. टाळ्या पडल्या. त्या भरात मंडळाची निवडणूक मी दिवाळीनंतर ठेवली. तोवर बाजार आणखी चढेल, हा माझा शास्त्रशुद्ध अंदाज.

आश्विन लागताच बाजाराने अंग टाकले. अमेरिकेत अध्यक्ष कोण होणार हे उमगेना, म्हणून परदेशी गुंतवणूकदार विकून चालते झाले, अशी कारणमीमांसा मी कोजागरीला आलेखांसह केली. दूध गार झाले. तेव्हा छावणीतली प्रांजली, जी एरवी मराठी बोलायला लाजते, स्वच्छ मराठीत म्हणाली, "काकाजी, चढला तेव्हा तुम्ही आणि पडला तेव्हा अमेरिका?" सभा हसली. सार्वजनिक जीवनात हशे पुष्कळ ऐकले, परंतु या हशात गणित होते.

माझे प्रतिस्पर्धी निवृत्त सुभेदार सुभाषचंद्र. मुदतठेवीपलीकडे या गृहस्थाने आयुष्यात काही पाहिलेले नाही. विचार शून्य, वक्तृत्व त्याहून कमी. दारोदार चहा पितात आणि एकच वाक्य बोलतात, "हमने किसी का कुछ नहीं डुबाया." भाऊसाहेब, या वाक्याला उत्तर नाही. मी रात्रंदिवस शोधले.

अमेरिकेचे मतदान मंगळवारी, आमचे त्यापुढच्या रविवारी. म्हणजे ज्यांनी आमचा गणपती कधी पाहिला नाही, असे मिशिगन नामक प्रांतातले मतदार माझे भवितव्य ठरवणार. बाजार माझ्या हाती नाही, अमेरिका तर नाहीच, हे मला पूर्ण ज्ञात आहे. केवळ भाद्रपदात तसे बोलायचे राहून गेले.

आपला पराभवोन्मुख,
दत्तात्रेय

ता. क. सुभेदारांच्या अर्जावर अनुमोदक म्हणून आपल्या भगिनीची सही आहे. (पाटल्यांसाठी तिने साठवलेले पैसे मी फंडात घातले होते.) सही मागे घेण्यास शनिवारपर्यंत मुदत आहे. ती माझे ऐकत नाही, आपले ऐकते. कृपया फोन करावा. हा सारा पत्रप्रपंच त्यासाठीच.

पुन्हा ता. क. भाद्रपदात आपणही माझ्याच सल्ल्याने त्याच फंडात पैसे घातले होते, हे माझ्या स्मरणात आहे. फोन करतेवेळी ते आपल्या स्मरणात नसावे, ही प्रार्थना.